मिस्त्री शिकवत नाहीत, पोरं थांबत नाहीत

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये प्रॉडक्शन बघणाऱ्या ५३ वर्षांच्या गृहस्थांचं हे पत्र आहे. हेल्पर म्हणून लागले, टर्नर झाले, आज ४० माणसांचं काम त्यांच्याकडे आहे. शॉपमध्ये पंपाचे आणि व्हॉल्व्हचे भाग बनतात. निम्मी माणसं पंचविशीच्या आतबाहेरची, आयटीआय किंवा डिप्लोमा झालेली, जत, कवठेमहांकाळ, तासगावकडून येणारी. तक्रार अशी की शिफ्ट सुटल्यावर ही पोरं एक मिनिट थांबत नाहीत, ओव्हरटाइम म्हटलं की कारणं सांगतात, हातातला मोबाइल सुटत नाही. सीएनसीवर (प्रोग्रॅमवर चालणाऱ्या मशीनवर) हात बसला की पुण्याजवळ चाकणला पळतात. वर्षभरात तिघं गेले. गेल्या महिन्यात एका मुलाचे बोअरचे (आत गोल भोक कातलेले) जॉब रिजेक्ट झाले, हे साहेब त्याला शॉपमध्येच बोलले, दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर राजीनामा आला. शॉपमध्ये दोन जुने मिस्त्री आहेत. हात सोन्याचा, पण नव्यांना काही सांगायला तयार नाहीत; "आम्ही पाना खाऊन शिकलो," म्हणतात. मालकांचा मुलगा पुण्याहून एमबीए करून आलाय, त्याला दर महिन्याला वाढदिवसाचा केक आणि 'एम्प्लॉयी ऑफ द मंथ'चा बोर्ड हवाय. शेवटी विचारलंय: "या पोरांना कामाची गोडी लावायची कशी? कडक व्हावं की सैल सोडावं?"

नमस्कार साहेब,

पत्रातली एक ओळ तुम्ही घाईत लिहून पुढे गेलात, मी तिथंच थांबले. "जतकडचा एक पोरगा तेवढा वेगळा. रात्रपाळीत बसून प्रोग्रॅममधल्या टूलच्या रिकाम्या हालचाली काढल्या, जॉबमागे ४० सेकंद वाचवले." आणि लगेच पुढचं वाक्य: "बाकी या पिढीला कामाचं काही पडलेलं नाही."

पाळीला ८० जॉब निघत असतील तर ४० सेकंदांप्रमाणे ही जवळजवळ ५३ मिनिटं झाली. एका मशीनवर, एका पाळीत. त्याबद्दल त्या मुलाला काय मिळालं हे तुम्ही लिहिलेलं नाही. सांगण्यासारखं काही असतं तर तुम्ही लिहिलं असतंत, असा माझा अंदाज. बहुतेक ठिकाणी काय होतं ते सांगते. साहेब 'शाबास' म्हणतात आणि पुढच्या आठवड्यापासून त्या मशीनचं टार्गेट ८० वरून ९० होतं. पगार तोच. शेजारच्या मशीनवरची पोरं हे बघत असतात. डोकं चालवलं की काम वाढतं, एवढं त्यांना त्यातून समजतं आणि ती डोकं घरी ठेवून यायला लागतात. तुम्ही याला गोडी नसणं म्हणता. मला तो साधा हिशेब वाटतो, आणि हिशेब चुकलेलाही नाही.

तेव्हा 'कडक की सैल' हे जरा बाजूला ठेवू. दोन्ही वाटांमध्ये आपण एक गोष्ट गृहीत धरतो, की खोट पोरांच्या स्वभावात आहे आणि तुम्ही फक्त लगाम किती ओढायचा ते ठरवायचं आहे. मला ते पटत नाही. तुमच्याच पत्रात ते पटू नये असं बरंच काही आहे.

"आमच्या वेळी असं नव्हतं," हे तुम्ही तीन ठिकाणी लिहिलंय. बरोबर आहे, नव्हतं. पण तुमच्या वेळी आणखी काय काय होतं तेही तुम्हीच लिहिलंय: दीड वर्षात पर्मनंट झालात, फंड कापला जाऊ लागला, दिवाळीला बोनस आला, त्याच पगाराच्या पावतीवर कर्ज मिळालं आणि संजयनगरला घर झालं. मिस्त्रीनं पाना फेकला तरी तुम्ही दुसऱ्या दिवशी सातच्या ठोक्याला हजर होता, कारण पाना सोसल्यावर पुढे काय आहे ते डोळ्यांना दिसत होतं. आता मला सांगा, तुमच्याकडच्या वीस तरुणांपैकी कंपनीच्या हजेरीपटावर किती आहेत आणि कंत्राटदाराच्या किती? पत्रात त्याचा उल्लेख नाही. ज्याच्या गळ्यातल्या पासवर तुमच्या कंपनीचं नावच नाही, त्यानं कंपनीला आपलं मानावं ही अपेक्षा फार झाली.

आपल्या जिल्ह्यात हा विषय निघाला की कुणीतरी किर्लोस्करवाडीचं उदाहरण देतंच. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळरानावर कारखाना उभा केला, औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी जागा दिली, आणि त्या माळावर नांगरांचा कारखाना चालला. भाषणांमधून आपण निष्ठेचा भाग तेवढा उचलतो. पण तिथं कारखान्याबरोबर कामगारांना राहायला वसाहत उभी राहिली होती, हे विसरतो. माणसं टिकली ती नुसत्या संस्कारांवर टिकली नाहीत.

पर्मनंट करणं तुमच्या हातात नाही, हे मला कळतं. मालकांशी काय बोलायचं ते पुढे सांगते. आधी चाकणचं पाहू.

तिथं पगार दोन-चार हजारांनी जास्त असेल. पण खोलीचं भाडं, मेसचे पैसे, महिन्यातून एकदोनदा गावाकडची खेप, एवढं वजा केलं तर हातात उरणारी रक्कम कुपवाडपेक्षा फार मोठी नसते. पोरांना हे कळत नाही असं समजू नका. माझ्याकडे येणाऱ्या पत्रांमधून दिसतं ते असं, की पगारापेक्षा दोन गोष्टी ओढतात. पहिली म्हणजे लग्न. हसू नका. आपल्याकडे स्थळ बघताना मुलीचे मामा पहिला प्रश्न काय विचारतात ते तुम्हाला माहीत आहे. 'पुण्याला कंपनीत आहे' या तीन शब्दांचं वजन बायोडाटात मोठं आहे. 'कुपवाडला मशीनवर आहे' म्हटलं की मामा पुढचं ऐकत नाहीत, पोरगा कितीही हुशार असू दे. घरी दोन एकर द्राक्षबाग, डोक्यावर सोसायटीचं कर्ज आणि लग्नाचं वय झालेला मुलगा, त्या घरात तो राजीनामा एकट्या मुलाचा नसतो. आई-बापांनी बसून घेतलेला निर्णय असतो.

दुसरी गोष्ट म्हणजे पुढचं काही दिसत नाही. तुमच्याकडे ऑपरेटर म्हणून लागलेला मुलगा चार वर्षांनी काय असेल? त्याला विचारलं तर तो सांगेल, ऑपरेटर. तुम्हाला विचारलं तर तुम्ही म्हणाल, "चांगलं काम केलं तर बघू की." या 'बघू की'मध्ये पोरं जातात. इथं मात्र तुम्हाला मालकांची फारशी परवानगीही लागणार नाही. एक साधा तक्ता करा. जॉब चढवणं-उतरवणं आणि मापं घेणं ही पहिली पायरी. इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) बदलणं आणि ऑफसेट (टूलच्या मापाची दुरुस्ती) देणं ही दुसरी. ड्रॉइंग वाचून नव्या जॉबचं सेटिंग स्वतः करणं तिसरी. प्रोग्रॅम लिहिणं आणि सुधारणं चौथी. प्रत्येक पायरीला काय करून दाखवायचं, कोण तपासणार आणि पास झाल्यावर महिन्याला किती वाढणार, हे मराठीत लिहून हजेरीच्या मशीनशेजारी लावा. वाढ पाचशेची असली तरी चालेल, पण ती कागदावर असू द्या आणि तारीख ठरलेली असू द्या. त्या जतच्या मुलाला उद्याच्या उद्या चौथ्या पायरीवर बसवा. आणि पासवर 'ऑपरेटर'ऐवजी 'सीएनसी सेटर' लिहिल्याचा कंपनीला खर्च शून्य आहे. मामांनाही ते ऐकायला बरं वाटतं.

हा तक्ता लावल्यावर शिकून कुणी जाणारच नाही का? जातील. तुमच्याकडे चौथ्या पायरीवर पोचलेला मुलगा चाकणला सहज उचलला जाईल. पण आज तो आठ महिन्यांत जातोय, उद्या तीन वर्षांनी जाईल, आणि मधल्या काळात तो दोघांना शिकवून जाईल. कुपवाडसारख्या ठिकाणच्या छोट्या शॉपनं माणसं जाणारच हे धरून चालावं आणि जाताना दार आपटू नये. आई-वडील थकले की यातले काहीजण परत येतात. ज्या साहेबानं जाताना चार शब्द नीट बोललेले असतात, त्याच्याकडेच आधी येतात.

आता त्या रिजेक्ट झालेल्या बोअरबद्दल. तुमच्या पत्रातला सगळ्यात मोलाचा प्रसंग मला तो वाटतो, आणि तुम्ही तो फक्त राजीनाम्यासाठी सांगितलाय.

तुम्ही लिहिता की १०० मिलीमीटरचे बोअर होते, मशीनवर माप बरोबर येत होतं, क्वालिटीत गेल्यावर पॉइंट झिरो टू मिलीमीटरनं कमी भरले. मुलगा म्हणत राहिला, "मी मोजलं होतं साहेब." तुम्हाला तो खोटं बोलतोय असं वाटलं. थोरल्या मिस्त्रींना नंतर विचारलं तर ते म्हणाले, "जॉब गार होऊ न देता मापलं असंल." पण हे त्यांनी त्या मुलाला आधी सांगितलं नव्हतं.

आता गणित बघा. पोलादाचा एक मीटरचा तुकडा एक अंशानं तापला की ११-१२ मायक्रॉननं (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग) वाढतो. म्हणजे १०० मिलीमीटरच्या बोअरला अंशाला साधारण सव्वा मायक्रॉनच्या आतबाहेर. कटिंग करून नुकताच उतरलेला जॉब शॉपच्या हवेपेक्षा २० अंशांनी गरम असेल, तर बोअर २३ मायक्रॉननं मोठा दिसतो आणि गार झाल्यावर तेवढाच आकसतो. पॉइंट झिरो टू म्हणजे २० मायक्रॉन. १०० च्या बोअरला एच-सेव्हनमध्ये (मापातल्या सुटीची एक ठरलेली प्रत) सूटच एकूण ३५ मायक्रॉनची असते. मुलानं खरंच मोजलं होतं आणि मापही खरंच बरोबर आलं होतं. फक्त गरम जॉबचं.

गंमत अशी, की हे प्रसरणाचं सूत्र त्या मुलानं डिप्लोमाच्या परीक्षेत सोडवलेलं असणार, मार्कही मिळवले असणार. पण ते आपल्या हातातल्या बोअरला लागू होतं हे त्याला कुणी दाखवलं नाही. मिस्त्रींना सूत्र माहीत नाही, पण जॉबला हात लावून 'अजून थांब' म्हणायचं त्यांच्या बोटांत आहे. दोघांकडे एकाच गोष्टीचा अर्धा अर्धा भाग आहे आणि दोघं एकमेकांपासून तीस फुटांवर उभे आहेत. ते अंतर कमी करणं हे तुमचं काम. ते झालं नाही म्हणून जॉब गेले. मग त्याचा राग त्या तिघांतल्या सगळ्यात लहान माणसावर निघाला, तेही सगळ्यांसमोर.

चारचौघांत बोलण्याबद्दल तुम्ही लिहिलंय की "आम्हाला तर याच्या दहापट ऐकावं लागायचं." लागायचं. तुम्हाला ते आवडायचं का? अठ्ठावीस वर्षांनंतरही पाना कुणी फेकला हे तुमच्या लक्षात आहे, यातच उत्तर आलं. चूक झाली की जरूर बोला, कडक बोला. त्याच पाळीत बोला, महिनाअखेरपर्यंत साठवू नका. पण केबिनमध्ये नाहीतर क्वालिटीच्या टेबलाशी, ड्रॉइंग आणि जॉब पुढ्यात ठेवून. पहिला प्रश्न 'हे कसं झालं असेल?' हा असू द्या. 'तुझं लक्ष कुठं होतं?' असं विचारलंत की उत्तरात फक्त बचाव येतो, आणि गरम जॉबची गोष्ट कधीच बाहेर येत नाही. पुढच्या शंभर जॉबसाठी तुम्हाला हवी असते ती नेमकी हीच माहिती. ही पोरं 'का?' विचारतात अशी तुमची तक्रार आहे. बोअर कमी का भरला, हे विचारणारा मुलगा मला तुमच्या शॉपमध्ये हवा आहे.

मिस्त्रींवर तुम्ही जरा पटकन निकाल दिलाय, "जुनी खोडं, सांगून ऐकत नाहीत." त्यांच्या जागेवर बसून बघा. निवृत्तीला तीन-चार वर्षं राहिलीत. शिक्षण सातवी-आठवी. कंपनीत नवं मशीन आलं की त्याच्या ट्रेनिंगला डिप्लोमावाला जातो. मालकांचा मुलगा लॅपटॉप घेऊन शॉपमध्ये फिरतो. अशा वेळी बोटांतली विद्या हा त्यांच्याजवळचा एकमेव आधार आहे. ती शिकवून टाकली की उद्या आपली गरज काय, ही भीती त्यांना वाटत असेल तर ती खुळी म्हणता येणार नाही. असं झालेली शॉपं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. आणि शिकवण्यात वेळ गेला, त्या दिवशी त्यांचे जॉब कमी निघाले, तर जाब कुणाला विचारता?

म्हणून त्यांना 'जरा पोरांना सांगत जा' असं उभ्या उभ्या म्हणू नका. बसवून, चहा सांगून, मालकांच्या उपस्थितीत बोला. शिकवणं हे त्यांचं काम म्हणून नेमून द्या. त्यासाठी महिन्याला काही रक्कम वेगळी द्या. ज्या पाळीत शिकवणार त्या पाळीचं त्यांचं टार्गेट निम्मं करा, आणि निवृत्तीपर्यंत त्यांची जागा कायम आहे हे मालकांच्या तोंडून निघू द्या. एका मिस्त्रीकडे एकावेळी एकच मुलगा, दोनअडीच महिने. तक्त्यातली दुसरी आणि तिसरी पायरी कोण पास झालं हे ठरवायचा अधिकारही त्यांना द्या. ज्या माणसानं आयुष्यात कुणाच्या कागदावर सही केलेली नाही, त्याच्या सहीनं पोराचा पगार वाढतो म्हटल्यावर त्याची वागणूक बदलते. दुसऱ्या बाजूनं, मुलाला एक वही द्या. मिस्त्री जे सांगतील ते त्यानं लिहायचं आणि शेजारी त्याचं कारण शोधून लिहायचं. 'जॉब गार होऊ दे' एका बाजूला, सव्वा मायक्रॉनचा हिशेब दुसऱ्या बाजूला. वर्षभरात ती वही तुमच्या शॉपची झालेली असेल. एक मिस्त्री तरीही तयार होणार नाहीत, अशी शक्यता मोठी आहे. असू द्यात. त्यांच्या मागे लागू नका, दुसऱ्यांचं चाललेलं त्यांना दिसेल.

एक सूचना कायद्याची. ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेनं शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे, एकूण संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के. तुमची ४० आहेत. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत त्यांच्या विद्यावेतनाचा पाव हिस्सा, महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये, केंद्र सरकार सोसतं. मिस्त्रींच्या हाताखाली ही मुलं ठेवण्यासारखी सोय दुसरी नाही. मात्र शिकाऊ म्हणून घ्यायचं आणि पहिल्या दिवसापासून तिसऱ्या पाळीत एकट्याला मशीनवर उभं करायचं, हे जे सगळीकडे चालतं ते तुमच्याकडे चालत असेल तर बंद करा. पोरं गावात जाऊन सांगतात.

ओव्हरटाइमचं थोडं स्पष्ट बोलते. जादा कामाचे पैसे दुप्पट दरानं द्यायचे, हे १९४८ च्या कारखाना कायद्यापासून चालत आलंय. तुमच्याकडे दुप्पट मिळतं, की 'पुढच्या आठवड्यात तेवढी सुट्टी घे' होतं? दुसरं असेल तर पोरांच्या कारणांबद्दल बोलायचा आपल्याला हक्क नाही. दुप्पट मिळत असेल तर मग खरी कारणं बघा. कुणी पोलीस भरतीसाठी रोज संध्याकाळी मैदानावर धावतो. कुणाची बाग आहे, आणि ऑक्टोबर छाटणीनंतर आभाळ आलं की डावणी रोगाच्या भीतीनं घरचे सगळे फवारणीला उतरतात. तासगावच्या पोराला ऋषिपंचमीला रथोत्सवाच्या दिवशी थांब म्हणालात तर तो थांबणार नाही, आणि थांबूही नये. यातलं काहीच अचानक येत नाही. सगळं कॅलेंडरवर असतं. ऑगस्टमध्येच सगळ्यांना, जुन्यांनाही, विचारून पुढच्या सहा महिन्यांच्या रजांचा कागद करा. जुने लोक छाटणीला रजा घेतात तेव्हा ती 'शेतीची कामं' असते आणि नव्यानं घेतली की 'दांडी', असा फरक तुमच्या पत्रात डोकावतोय, तो बघा. आणि दर महिन्याच्या शेवटच्या पाच दिवसांत डिस्पॅचची धावपळ होत असेल तर ते नियोजनाचं दुखणं आहे. पोरांच्या निष्ठेवर ते लपवता येणार नाही.

मोबाइलला फार शाई खर्च करत नाही. फिरत्या मशीनसमोर फोन नको, कारण बोटं जातात. पण नियम सगळ्यांना. तुम्ही शॉपमध्ये फेरी मारताना कानाला फोन लावून मारता का? मशीनपासून दूर एक कोपरा ठरवा, चहाच्या वेळी तिथं बघू द्या.

केकही कापू द्या. मालकांच्या मुलाला चांगलं काही करावंसं वाटतंय, त्याला हसणाऱ्या मिस्त्रींमध्ये तुम्ही सामील होऊ नका. 'एम्प्लॉयी ऑफ द मंथ'ला मात्र माझा विरोध आहे. चाळीस माणसांच्या शॉपमध्ये दर महिन्याला एकाचा फोटो लागला की एकोणचाळीस जण 'याचाच का' यावर महिना काढतात. त्याचा उत्साह पगाराच्या तक्त्याकडे वळवा. तो हिशेबात हुशार असेल तर त्याला एक काम सांगा: गेल्या वर्षी गेलेल्या तिघांचा खर्च काढ. त्यांना शिकवताना गेलेलं मटेरियल, रिजेक्शन, मशीन रिकामं राहिलेले दिवस, नवा माणूस तयार होईपर्यंत कमी निघालेले जॉब. हा आकडा एका कागदावर मालकांपुढे ठेवा, आणि त्याच्या शेजारी तक्त्यासाठी आणि शिकवणाऱ्या मिस्त्रींसाठी लागणारी रक्कम. सोबत एवढंच मागा, की तिसरी पायरी पास झालेला मुलगा कंपनीच्या हजेरीपटावर घ्यायचा. सगळ्यांना पर्मनंट करा म्हणालात तर 'नाही' ऐकावं लागेल. वर्षाला दोघा-तिघांचं मागितलंत तर बोलणं पुढे सरकू शकतं.

एवढं सगळं करून काहीजण कामचुकार निघतीलच. त्यात पंचविशीचे असतील तसे पन्नाशीचेही असतील. वीस वर्षं झाली म्हणून ज्यांना कुणी काही विचारत नाही असे एकदोन जण तुमच्या डोळ्यांसमोर आत्ता आले असतील. त्यांना वयाचा विचार न करता सारख्याच भाषेत, लेखी, मुदत देऊन सांगा. पोरांचं लक्ष तुम्ही त्यांना काय बोलता यापेक्षा त्या पन्नाशीच्या माणसाला बोलता का, याकडे जास्त असतं.

राहता राहिला तो व्हॉट्सॲपवर राजीनामा पाठवणारा मुलगा. तुम्हाला त्या मेसेजचा अपमान वाटलाय. मला तो मेसेज घाबरलेला वाटतो. समोर येऊन सांगितलं तर परत चारचौघांत ऐकावं लागेल, म्हणून त्यानं तो मार्ग घेतला. त्याला फोन करा. परत ये म्हणायला नको, यायचं असेल तर तो स्वतः विषय काढेल. एवढंच सांगा की बोअर का कमी भरला ते कळलंय, तू मोजलं होतंस. फक्त त्याआधी अकाउंट्समध्ये चौकशी करा. त्याचा राहिलेला पगार अजून निघाला नसेल, तर तो आधी काढा आणि मग फोन लावा.